डावीकडं जाणारे बाण

सहावा बाणही डावीकडंच गेला.

उज्वलानं धनुष्य खाली घेतलं आणि ती गोठ्यामागच्या मोकळ्या पट्ट्यात नुसतीच उभी राहिली. तीस मीटरवर कडब्याच्या पेंढ्या दाबून, वरून पोती शिवून बालाजीनं केलेलं लक्ष्याचं धूड होतं. त्यावरच्या रंगीत कागदाची चाळण झाली होती. मधल्या पिवळ्यात एकही बाण नव्हता. चार निळ्यात रुतले होते, डाव्या अंगाला, जरा खाली. दोन तर कागद सोडून पेंढ्यांतच गेले होते.

सहाच्या सहा वेळा सुटलेली दोरी डाव्या हाताला सपकन लागली होती. हाताला चामडी पट्टा होता, पण दोरी पट्ट्याच्या वर, कोपराच्या आतल्या नाजूक जागी बसत होती. तिथं काळानिळा डाग उठला होता. त्याच्याकडं बघायलाही तिला नको वाटायचं.

"झालं का न्हाई तुझं?" गोठ्यापलीकडून सासूचा, कस्तुराबाईचा आवाज आला. "ऊन कासराभर वर आलं. सोयाबीन काय आपसूक कापल्या जातंय?"

"आले, आत्या."

तिनं धावत जाऊन बाण उपसले, पुसले, धनुष्याची दोरी उतरवली आणि घरात जाऊन पँटवर जुनं लुगडं गुंडाळलं.

देगलूरच्या पुढं, लेंडीच्या काठाला नरंगलवाडी. तिथं बालाजीचं पाच एकर रान. उज्वला या घरात आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. नांदेडला कॉलेजात असताना ती धनुष्य शिकली होती, जिल्ह्याकडून दोनदा राज्यात खेळली होती. लग्नानंतर ते बांबूचं धनुष्य पाच वर्षं माहेरी माळ्यावर पडून राहिलं. गेल्या दिवाळीत तिनं ते आणलं आणि सगळ्यांसमोर सासूला विचारलं. पोलिसभरतीत खेळाडूंच्या काही जागा असतात. राज्यात नंबर आणला तर त्या जागेसाठी अर्ज करता येतो. तिचं वय पुढच्या उन्हाळ्यात भरतीच्या अटीबाहेर जाणार होतं.

कस्तुराबाईनं बराच वेळ सुपातली ज्वारी पाखडली होती आणि मग म्हणाली होती, "एक साल देते. रानातलं, घरातलं करून कर. जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर परत नाव काढायचं न्हाई."

ते साल आता संपत आलं होतं. येत्या रविवारी नांदेडला जिल्ह्याची निवड चाचणी होती. आज सोमवार. आणि बाण डावीकडं जात होते.

*

रानात कापणाऱ्या हातांच्या चारच जोड्या होत्या. कापणीची टोळी जास्त मजुरी मिळते म्हणून तेलंगणात निघून गेली होती. बालाजी, उज्वला, कस्तुराबाई आणि शेजारची सरजाबाई, एवढेच ओळीला बसले होते. उत्तरेकडून ढग येत होते. परतीचा पाऊस दोनदा हुलकावणी देऊन गेला होता. वाळलेल्या शेंगा हात लागला तरी तडकत होत्या, आणि भिजल्या तर दाण्याला तिथंच मोड येणार होते.

उज्वला डाव्या मुठीत बुडखा धरी आणि उजव्या हातानं विळा ओढी. शेंगांची टोकं काट्यासारखी बोटांना बोचत. उजव्या हाताच्या मधल्या तीन बोटांनी ती दोरी ओढायची. त्यांना चिरा पडू नयेत म्हणून ती विळा वेगळ्याच पद्धतीनं, बोटं आत मुडपून धरत होती. त्यानं वेग कमी होत होता. तिची ओळ सगळ्यांच्या मागं राहिली.

"अगं बाई, आज काय मेहंदी लावून आलीस का?" सरजाबाई पुढून वळून बोलली. "इळा असा धरत्यात व्हय?"

उज्वलानं पुढचा बुडखा धरायला हात लांबवला. बाही वर सरकली होती. सरजाबाईची नजर त्या डागावर गेली.

"ह्ये काय? बालाजीनं मारलं का काय?"

बालाजी चमकून उभा राहिला. "काय बोलायलीस, मावशी? दोरी लागली तिला."

"म्हंजे आपल्याच धनुष्यानं आपल्यालाच मारलं," असं म्हणून सरजाबाई हसली. कस्तुराबाई हसली नाही. तिनं एकदा सुनेच्या हाताकडं पाहिलं आणि परत वाकली.

दुपारी बाभळीखाली भाकरी खाताना उज्वलानं रविकिरणला फोन लावला. तो नांदेडला एका अकादमीत शिकवायचा. कॉलेजात तो तिच्या दोन वर्षं मागं होता आणि तिचे बाण वेचून आणायचा. आता जिल्ह्यातली पोरं त्याला सर म्हणत. सकाळी बालाजीनं मोबाइलवर काढलेलं चित्रण तिनं त्याला पाठवलं होतं.

"पाहिलं मी, ताई," तो म्हणाला. "धनुष्याला काही झालेलं नाही. दोरी सोडताना तुमचा हात बाहेर हिसका खातो. तुम्ही घाबरून राहिल्या."

"पर दोरी हाताला लागायली रे, आधी लागत नव्हती."

"घाबरलं की खांदा वर चढतो, कोपर आत फिरतं, मग लागणारच. पाच वर्षांचा गॅप आहे, ताई. मनाचं आहे हे सगळं. शांत राहा."

फोन ठेवल्यावर तिनं अर्धी भाकरी तशीच कपड्यात गुंडाळली. शांत राहा म्हटल्यानं छातीत जास्तच धडधडायला लागलं होतं.

*

मंगळवारी पहाटे तिनं धनुष्यावर नेमासाठी लावलेली टाचणी डावीकडं सरकवली. पहिले दोन बाण पिवळ्याशेजारच्या लालात गेले. तिला हुरूप आला. पुढचे चार परत डावीकडं, आणि एकमेकांपासून वीतभर लांब. बुधवारी तिनं दोरीवर बाण कुठं बसवायचा त्याची खूण, धाग्याचा वेढा, उकलून जरा वर बांधला. आता बाण शेपूट हलवत जायला लागले. तिनं वेढा परत खाली घेतला, टाचणी परत उजवीकडं घेतली. काय बदललं, काय तसंच राहिलं, याचा तिला स्वतःलाच पत्ता लागेना.

त्याहून वाईट म्हणजे हाताला नवीनच खोड लागली. दोरी ओढून हनुवटीखाली आणायची, तिथं टेकवायची, नेम स्थिरावला की बोटं सैल सोडायची. हे तिनं हजारो वेळा केलेलं होतं. आता दोरी हनुवटीपर्यंत यायच्या आधीच बोटं आपोआप उघडायला लागली. डावा हात मार बसायच्या आधीच दचकून मागं सरायचा. ती स्वतःला ओरडायची, थांब, थांब. आणि तेवढ्यात बाण सुटलेला असायचा.

बुधवारच्या अशाच एका बाणानं घोटाळा केला. तो धुडाच्या वरून गेला, बांध ओलांडून चिंचेमागं दिसेनासा झाला. क्षणभर काही आवाज आला नाही. मग म्हैस रेकल्याचं ऐकू आलं.

उज्वला धनुष्य टाकून पळाली. ती चिंचेपर्यंत पोचते तोवर शेजारचा शेषेराव बाण हातात धरून समोरून येत होता. साठीचा माणूस, एरवी कधी मोठ्यानं बोलायचा नाही. तो तिच्याजवळ थांबला नाही. तिला ओलांडून सरळ अंगणात गेला आणि बाण कस्तुराबाईच्या पुढ्यात, ओट्यावर ठेवला.

"वैनी, म्हशीच्या पायापासून दोन हातावर पडला. धार काढताना माझी नात तिथंच येऊन बसती. आज उशीर झाला म्हणून न्हवती."

कस्तुराबाई उभी राहिली. "चूक झाली, भाऊजी."

"मी काय बोलत न्हाई. तुमचं तुम्ही बगा."

तो गेला. बालाजी गोठ्याच्या दारात दावं हातात धरून उभा होता. ती नात सहा वर्षांची होती. रोज येताजाता 'काकू, मी बी मारू का बाण?' विचारायची.

"उचल ते सगळं," कस्तुराबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आता त्याला हात लावायचा न्हाई."

"आत्या, रविवारी..."

"लेकराला लागलं असतं म्हंजे?"

उज्वलानं दोरी उतरवली, बाण मोजले, धनुष्य लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून भिंतीला लावून ठेवलं. त्या दिवशी तिनं रानात बोटं वाचवली नाहीत. सरजाबाईच्या बरोबरीनं ओळ काढली. दिवस मावळताना तर्जनीवर दोन चिरा पडल्या होत्या. त्यांत माती गेली होती आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

*

गुरुवारी सकाळपासून भुरभुर लागली. रानात जाता येईना. साडेतीन एकर कापून झालं होतं. त्याचा ढीग ताडपत्रीखाली झाकलेला होता. बालाजी दर घटकेला अंगणात जाऊन आभाळ बघून यायचा. मळणीयंत्र रविवारी येणार होतं. यंत्रवाल्याकडं सगळ्या गावाची नंबरवारी लागली होती. रविवार चुकला तर पुढचे आठ दिवस नाही.

कस्तुराबाई पडवीत अंबाडीच्या वाखाचं दावं वळत बसली होती. या कामात तिचा हात आजूबाजूच्या चार गावांत माहीत होता. कासरे, दावी, मोटेच्या काळातली जाड दोरांची सोलं, सगळं तिनं वळलेलं. मांडीवर वाख घासून पीळ देता देता ती अचानक म्हणाली, "हिकडं ये. हात दाव."

उज्वला जवळ बसली. म्हातारीनं बाही वर केली आणि डागावरून अंगठा फिरवला. उज्वलानं दात आवळले.

"दसऱ्याआधी लागत होतं का?"

"न्हाई."

"मंग दसऱ्याला काय झालं?"

"काई न्हाई. पूजा केली. नवी दोरी चढवली." उज्वला बोलता बोलता थांबली.

"आण ती."

"तुम्ही तर म्हनलात हात लावायचा न्हाई."

"तू लावू नको. मला दे."

धनुष्याला दोरी चढवणं उज्वलालाच करावं लागलं. पाय अडकवून, मांडीवर वाकवून तिनं दोरीचा फास खाचेत बसवला. कस्तुराबाईनं धनुष्य आडवं मांडीवर घेतलं. दोरी चिमटीत धरली, सोडली. कान लावून ऐकली. परत सोडली.

"ही बसकी बोलायली. ताणून आली म्हंजे नवी दोरी लांबतीच. नवं दावं बैलाला बांधलं तर दोन दिवसांत हातभर ढिलं होतं. तू मोजली कवा?"

"चढवली तवा. मूठ मुठीवर ठेवायची, अंगठा उभा करायचा. अंगठ्याचं टोक दोरीला लागलं पायजे."

"आता मोज."

उज्वलानं धनुष्याच्या मुठीवर आपली मूठ टेकवली, अंगठा उभा केला. अंगठा दोरीला लागला नाही. तो दोरीच्या पलीकडं गेला, जवळजवळ बोटभर. दोरी तेवढी धनुष्याच्या जवळ आली होती.

तिला हे सगळं माहीत होतं. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. दोरी सैल झाली की ती सुटल्यावर जास्त आत येते आणि हाताला लागते. धनुष्याचा जोर उतरतो, जोर उतरला की त्या बाणाला पुरेसा बाक येत नाही, तो ताठच राहतो आणि डावीकडं जातो. त्यात गेले आठ दिवस हवा दमट, बांबू मऊ पडलेला. एवढं सगळं माहीत असून तिनं टाचणी हलवली, धागा हलवला, स्वतःला शिव्या दिल्या. फक्त दोरी मोजली नाही. कारण दोरी आपणच मोजून चढवलीय, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. आणि रविकिरण म्हणाला होता, धनुष्याला काही झालेलं नाही.

"पीळ दे," कस्तुराबाई म्हणाली. "न्हाई, आण, मी देते. तुजी बोटं फाटल्यात."

दोरीचा एक फास काढून म्हातारीनं ती मांडीवर धरली आणि एकेक वेढा पिळत गेली. मोजत होती. आठ, नऊ, दहा. उज्वलानं चढवून पाहिली, कमी. परत उतरवली, अजून सात. आता अंगठ्याचं टोक दोरीला नेमकं टेकलं. दोरी सोडली तर चढा, टणक आवाज आला. पडवीत उभा असलेला बालाजी हसला.

"जास्त पिळायची न्हाई, मधी गाठ धरती," कस्तुराबाई म्हणाली. "आन् धनुष्य ओल्या भिंतीला कशाला लावलंस? आढ्याला टांग. चुलीची धग पोचती तितं, पर धूर नको."

"आत्या, म्हंजे मी..."

"म्हंजे काई न्हाई. तुला जमलं न्हाई तर ठेव म्हनले होते. वस्तूच बिघडली असली तर तुला जमलं न्हाई असं मी कसं म्हनू? पर आता त्या तोंडानं मारायचं न्हाई. चिंचेकडं पाठ कर, नदीकडं तोंड कर. तिकडं कुनी नसतं."

*

शुक्रवारी उघडलं. बालाजीनं धूड उचलून नदीच्या बाजूला नेलं, मागं मातीचा ढिगारा ओढला. पहिला बाण उज्वलानं कसाबसा धीर करून सोडला. दोरी हाताला लागली नाही. बाण लालाच्या काठावर, पण मधोमध. टाचणी आणि धागा तिनं दसऱ्याआधी वहीत लिहून ठेवलेल्या मापानं जुन्या जागी आणले होते. डावीकडं काहीच गेलं नाही.

पण चौथ्या बाणाला बोटं परत आपोआप उघडली. बाण जमिनीत घुसला. आठव्याला परत. दोरी ठीक झाली होती, पण पंधरा दिवस मार खाल्लेल्या हाताला ते कळलेलं नव्हतं.

ती खाली बसली. "माझ्याच्यानं थांबल्याच जाईना, ओ. हात ऐकत न्हाई."

बालाजीला धनुष्यातलं फारसं कळत नव्हतं. तो कापणीला जायला निघाला होता, विळा कमरेला होता. "नव्या खोंडाला शिकवताना मी हुकूम देतो तवाच त्यानं हलायचं, असं करतो," तो म्हणाला. "तू वढ. मी सोड म्हनलो तर सोड. उतरव म्हनलो तर उतरव, मारायचं न्हाई."

"मी खोंड हाय का?"

"बग तर करून."

धुडापासून पाच पावलांवर ती उभी राहिली. इतक्या जवळून नेम चुकायचा प्रश्नच नव्हता. तिनं दोरी ओढली, हनुवटीला टेकवली. पाठ ताणली गेली. मागून आवाज येईना. बोटं वळवळायला लागली.

"उतरव."

तिनं बाण न सोडता दोरी सावकाश पुढं नेली. परत ओढली.

"उतरव."

तिसऱ्या वेळी तिला राग आला. चौथ्या वेळी तो म्हणाला, "सोड," आणि बाण सुटला. बोटं हुकूम झाल्यावरच उघडली होती. शनिवारीही त्यांनी तेच केलं, सकाळी तास आणि संध्याकाळी तास. मधल्या वेळात उरलेलं दीड एकर कापून झालं. शनिवारी संध्याकाळी तिनं तीस मीटरवरून अठरा बाण मारले, त्यातले दोनच अवेळी सुटले. दोन म्हणजे कमी नव्हेत. नांदेडला बहात्तर मारायचे होते.

"म्या येत न्हाई गं," बालाजी अपराध्यासारखं म्हणाला. "मशीन दहाला यायलंय. आई एकली..."

"मला माहीत हाय."

*

रविवारी पहाटेच्या जीपनं ती देगलूरला आणि तिथून पहिल्या गाडीनं नांदेडला गेली. गावातून पँट घालून निघायचं धाडस तिला झालं नव्हतं, म्हणून साडीवरच आली. धनुष्य धडप्यात गुंडाळून दोन पायांच्या मध्ये उभं धरलं होतं. कंडक्टरनं विचारलं, काय हाय त्यात? ती म्हणाली, काठी हाय.

मैदानावर नोंदणीच्या टेबलाशी बसलेल्या माणसानं वर न बघताच विचारलं, "मुलीचं नाव सांगा, ताई. पालकांनी मंडपात बसायचं."

"मीच खेळणार हाय."

तेव्हा त्यानं वर पाहिलं. मागं पांढऱ्या कपड्यांतल्या अकादमीच्या पोरींची रांग होती. त्यातली एक, अंबिका नावाची, उदगीरकडून शिकायला आलेली उंच मुलगी, ओठ दाबून हसली. उज्वलाचे कान तापले. ती मैदानालगतच्या शाळेच्या खोलीत गेली, कपडे बदलले आणि सगळ्यात आधी दोरी चढवून मूठ ठेवून मोजली. बसच्या हिसक्यांनी पीळ जरा सुटला होता. तिनं दोन वेढे पीळ दिला.

रविकिरण तिथं आला. "आता कसं वाटतंय, ताई?"

"दोरी सैल झाली होती, रविकिरण."

"अहो, मग मोजली नव्हती का तुम्ही?" तो सहज म्हणाला आणि त्याला कुणीतरी हाक मारली म्हणून निघून गेला.

चौतीस जणी होत्या, त्यातून चौघी घ्यायच्या होत्या. आधी पन्नास मीटर, छत्तीस बाण, तीन तीनच्या फेऱ्यांत. प्रत्येक फेरीला दोन मिनिटं. पहिल्या पाच फेऱ्या तिच्या बऱ्या गेल्या. सहाव्यात शेजारणीचं धनुष्य कडकन वाजलं आणि उज्वलाची बोटं उघडली. बाण लक्ष्याच्या अलीकडंच मातीत पडला. शून्य. कुणीतरी मागं 'अरेरे' म्हणालं. नवव्या फेरीत परत एक अगदी कडेच्या पांढऱ्यात गेला. पन्नास संपलं तेव्हा फळ्यावर ती नववी होती.

मधल्या सुट्टीत तिनं घरी फोन लावला. "आलं का मशीन?"

"आलं, आलं," बालाजी म्हणाला. "चालू हाय."

"आवाज येईना की."

"जेवायला थांबल्यात." त्याच्या मागं पत्र्यावर काहीतरी तडतडत होतं.

"पाऊस हाय का तिकडं?"

"न्हाई गं. शेंगा फुटायल्यात. तू तुझं बग."

तिला ते पटलं नाही. नांदेडवरही ढग आले होते, देगलूरच्या बाजूला आभाळ काळं दिसत होतं. डबा उघडून तिनं परत बंद केला.

तीस मीटरला मात्र तिनं एक ठरवलं. वेळ गेला तर जाऊ द्यायचा, पण हात उघडतोय असं वाटलं की उतरवायचं. दुसऱ्या फेरीत एकदा उतरवलं. चौथीत दोनदा. पंचांनी एकदा घड्याळाकडं बोट केलं. शेजारच्या पोरींचे तीन तीन बाण मारून व्हायचे आणि त्या मागं जाऊन उभ्या राहायच्या. उज्वला एकटीच रेषेवर असायची, आणि सगळ्या मैदानाची नजर पाठीवर टोचायची. पण बाण पिवळ्यात आणि लालात जात होते. अकराव्या फेरीनंतर फळ्यावर ती आणि अंबिका चौथ्या जागेवर बरोबरीत होत्या.

शेवटची फेरी. पहिला बाण नऊ. दुसरा नऊ. तिसऱ्याला दोरी हनुवटीपाशी आली आणि बोटांना तीच जुनी घाई सुटली, सोड, सोड, सोडून दे. तिनं उतरवलं. खांदा भरून आला होता. पस्तीस सेकंद राहिले होते. परत ओढली. टाचणी पिवळ्यावर ठरेना. परत उतरवलं.

"मार की बाई," मागून कुणीतरी कुजबुजलं.

अठरा सेकंद. तिनं एक श्वास घेतला, अर्धा सोडला, तिसऱ्यांदा ओढली. दोरी हनुवटीला टेकली, पाठीची पाती जवळ आली. टाचणी पिवळ्यावर येऊन हलली, थांबली. बोटं वळवळली नाहीत. उज्वला सोडेपर्यंत ती थांबून राहिली. बाण गेला. शिट्टी झाली.

आठ. लाल आणि पिवळ्याच्या रेषेच्या अगदी जवळ, पण बाहेर.

अंबिकाच्या तिसऱ्या बाणाचा आकडा येईपर्यंत उज्वलानं धनुष्याला गच्च धरून ठेवलं होतं. पंच वाकून बघत होते. त्यांनी भिंग काढलं, परत बघितलं. मग लिहिलं. अंबिकाच्या शेवटच्या फेरीचे झाले पंचवीस, उज्वलाचे सव्वीस.

*

परत साडी नेसून ती गावात पोचली तेव्हा दिवस मावळत होता. रस्ता ओला होता, चाकोऱ्यांत पाणी उभं होतं. आपल्या अंगणाशी येताच तिला सगळं कळलं. ताडपत्री एका बाजूला चिखलात लोळत होती, आणि ओल्या काडाचा ढीग तसाच अर्धा उभा होता.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पडवीत, मधल्या घरात, खाटेवर, सतरंज्या आणि साड्या अंथरून त्यांवर ओलं सोयाबीन पसरलेलं होतं. पंखा गरगरत होता. सरजाबाई एका कोपऱ्यात दाणे खालीवर करत होती. कस्तुराबाई दुसऱ्या कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन.

बालाजी दारात आला. डोक्यापासून भिजून वाळलेला. "अकराला आला धो धो," तो म्हणाला. "मशीन अर्ध्यात थांबलं. तुला सांगितलं असतं तर काय करणार होतीस तिथं?"

"किती भिजलं?"

"अर्धं. मशीनवाला पुढल्या आठवड्यात परत येतो म्हनला. येईल का न्हाई, काय माहीत."

उज्वलानं धनुष्य दाराबाहेर उभं केलं. कस्तुराबाईनं मान वर केली.

"किती घेतले?"

"चौघी."

"मंग?"

"मी चौथी."

सरजाबाईचा हात थांबला. कस्तुराबाईनं एक मूठ दाणे उचलले, नाकाजवळ नेऊन वास घेतला. कुबट यायला लागला होता. तिनं ते परत पसरले.

"राज्याचं कवा हाय?"

"पुढल्या महिन्यात. वीस तारखेला."

म्हातारी मनाशी काहीतरी मोजत होती. पंख्याचा वारा दाण्यांवरून फिरत होता. मग ती म्हणाली, "म्हंजे हरभरा पेरून होईल तवर." आणि आपल्या शेजारची सतरंजीची कड बोटानं दाखवली. "बस इथं. हे खालचं वर कर, न्हाईतर सकाळपतोर मोड येत्याल."

उज्वलानं पदर खोचला, चपला बाहेर काढल्या आणि दाण्यांत पाय पडू नये म्हणून भिंत धरून, कडेकडेनं सासूपर्यंत गेली.